झाड आधी, स्टँड नंतर : क्लाइंबर निवडीच्या नोंदी

१४ जुलै २०२४

या हंगामाला हरणाच्या शिकारीसाठी झाडावर चढायचं स्वतःचं स्टँड, म्हणजे फिरतं मचाण, घ्यायचं ठरलं. पेन्सिल्वेनियात यंदा धनुष्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी ५ ऑक्टोबरला उघडतो, रायफलचा ३० नोव्हेंबरला. निवड, खरेदी, सराव सगळं त्याआधी उरकायचं.

माझी शिकार स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे राज्याच्या गेम कमिशनच्या जमिनीवर. राज्यभर मिळून पंधरा लाख एकरांहून जास्त जागा, परवाना असलेल्या कुणालाही खुली. माझी स्वतःची जमीन नाही, तेव्हा एकाच झाडाला मचाण बांधून ठेवायचा प्रश्नच नाही. आज या ओढ्याकाठी, वारा फिरला की उद्या पलीकडच्या धारेवर. पाठीवर घालून न्यायचं, पसंतीच्या झाडावर चढायचं, संध्याकाळी उतरून परत आणायचं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी खुलासा, एकदाच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला, आणि ते योग्यच झालं. इथे व्हाइटटेल हरणं, म्हणजे पांढऱ्या शेपटीची, इतकी आहेत की त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्यच शिकारीवर अवलंबून असतं. पहिला परवाना काढण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं, मारलेल्या हरणाला टॅग लावायचा आणि कमिशनला कळवायचं. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद नाही. या नोंदी स्टँडच्या आहेत.

२१ जुलै

बाजारात काय काय मिळतं ते नीट बघून घेतलं. लॅडर स्टँड, म्हणजे शिडीवरची खुर्ची, आरामशीर पण अवजड. उभं करायलाच दोन-तीन माणसं लागतात. ते शेतमालकासाठी. बाद.

हँग-ऑन म्हणजे पट्ट्याने खोडाला टांगलेला छोटा फलाट. तिथवर पोचायला वेगळ्या काठ्या, त्याही खोडाला एकीवर एक बांधत जायच्या. फायदा असा की वाकडं झाड, फांद्यांचं झाड, दोन खोडांचं झाड, सगळं चालतं. तोटा असा की पहाटेच्या अंधारात कमरेला लाइनमन बेल्ट, म्हणजे खोडाभोवतून जाणारा पट्टा, लावून एकेक काठी बांधत वर जायचं आणि मग वर फलाट लटकवायचा. हातात वस्तू पुष्कळ, त्यातली प्रत्येक आपटली की वाजणार.

सॅडल हा हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रकार. कमरेला पट्ट्यांची झोळी, ती दोराने झाडाला, पायाखाली हातभर फळी. सगळ्यांत हलका. पण तासन्‌तास खोडाकडे तोंड करून लोंबत बसायचं आणि बाण मारायला झाडाभोवती फिरायचं, हे माझ्या गुडघ्यांना आत्ताच नको म्हणतंय.

उरलं क्लाइंबर. याचे दोन भाग, वरचा बसायचा आणि खालचा पायाचा. दोन्हींना खोडाभोवती जाणारी केबल. वरच्यावर बसायचं, पायाने खालचा भाग वर ओढायचा, त्यावर उभं राहायचं, वरचा भाग सरकवायचा, पुन्हा बसायचं. कोकणात माडावर चढायची यंत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं समजवायला नको, तत्त्व तेच. शिडी नाही, काठ्या नाहीत, खिळा नाही. सरकारी जमिनीवर झाडाला इजा करायला बंदी आहे, तेव्हा स्क्रूच्या पायऱ्या वगैरे तशाही बाद.

तूर्त कौल क्लाइंबरला. पण त्याची अट कडक आहे. खोड सरळ हवं, वीस फुटांपर्यंत फांदी नको, आणि जाडी मापात हवी. माझ्या जंगलात अशी झाडं आहेत का, हे आधी बघायचं. ज्या कुणाशी बोलावं तो मॉडेलचं नाव सांगतो, झाडाचं कुणी विचारत नाही.

२८ जुलै

आज कपडे मापायची फीत खिशात टाकून जंगलात गेलो. बहुतेक क्लाइंबर साधारण ८ ते २० इंच व्यासाच्या खोडाला बसतात. व्यास मोजता येत नाही, घेर येतो. म्हणजे फितीवर २५ ते ६३ इंच. छातीच्या उंचीला माप घ्यायचं, कारण बुडाशी मुळांचा फुगवटा असतो आणि तिथे केबल लावायचीच नसते.

हरणांच्या वाटा आधीच माहीत आहेत. ओढ्याच्या कडेने एक, आणि ओकच्या बेचक्यातून धारेवर चढणारी दुसरी. त्या वाटांपासून वीसेक यार्डांवर चढण्याजोगं झाड कुठलं, एवढाच प्रश्न घेऊन फिरलो.

ट्युलिप पॉप्लर पहिला नंबर. खांबासारखा सरळ, खालच्या फांद्या आपोआप झडलेल्या, साल खाचांची. ओढ्याकाठी असे भरपूर. दोष एकच, पानं लवकर झडतात आणि मग तुम्ही उघड्या खांबावर बसलेले दिसता. जवळच एखादा बीच किंवा कोवळा ओक असेल तर त्याची वाळकी पानं हिवाळ्यातही टिकतात, त्यांचा आडोसा मिळतो. तशा दोन जागा टिपून ठेवल्या.

लाल ओकही उत्तम, साल घट्ट आणि खडबडीत. पांढऱ्या ओकची साल पापुद्र्यांची, वरवरची सुटते पण आतली धरते. धारेवरचे ओक मात्र निम्मे बाद, दहा फुटांवरच मनगटाएवढ्या फांद्या. फांदी आली की क्लाइंबर तिथेच थांबतो. केबल सोडून फांदीच्या वर पुन्हा लावणं म्हणजे हवेत असताना स्वतःचा आधार काढणं. ते करायचं नाही. करवतही नाही, गेम लँडवर झाडं तोडायला, छाटायला मनाई आहे.

शॅगबार्क हिकरी बघायला देखणी, फूटफूटभर लांब सालीच्या पट्ट्या लोंबतात. स्टँड त्यावरून सरकलं की पट्ट्या मोडत खाली येतात, आणि अख्ख्या खोऱ्याला कळतं कोण आलंय. बाद.

अ‍ॅशबद्दल वेगळी ओळ लिहून ठेवतो. सरळ, मापात, फांद्या उंचावर, सगळं जमतंय असं वाटायला लावणारं झाड. पण ती मेलेली आहेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगा २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००७मध्ये पेन्सिल्वेनियात, आणि त्यानंतर इथली अ‍ॅश झाडं उभ्याउभ्या वाळली. साल सोललेली, सुतारपक्ष्यांनी टोचून पांढुरकी केलेली, लाकूड ठिसूळ. पानं नसलेल्या दिवसांत आणि अंधारात जिवंत-मेलं ओळखू येत नाही, म्हणून आत्ता उन्हाळ्यातच प्रत्येक निवडलेल्या झाडाकडे वर मान करून बघायचं. शेंड्याला हिरवं नसेल तर हात लावायचा नाही.

आणि खोडावर चढलेली केसाळ वेल. ती पॉइझन आयव्ही. बिब्बा ज्या कुळातला त्याच कुळातली, आणि तसाच अंगावर उठणारा चीक. पानं गळल्यावर हिवाळ्यातही खोडावरची नुसती वेल पुरते. केबल तिच्यावरून घासत नेली की चीक केबलला, केबलचा हातमोज्याला, हातमोजा तोंडाला.

एवढं सगळं गाळून दोन्ही वाटांवर मिळून पुरेशी झाडं उरली. बहुतेक १२ ते १६ इंचांची. क्लाइंबर चालेल.

३ ऑगस्ट

दुकानात टांगलेल्या नमुन्यांवर बसून पाहिलं. तिथे जमिनीपासून दोन फुटांवर खांबाला लावलेले असतात, त्यामुळे पकड कळते, उंची कळत नाही.

पकड कशी बसते ते समजून घेतल्याशिवाय मला त्यावर उभं राहवेना. स्टँडचा फलाट पुढे आलेला, खोडाच्या जवळच्या बाजूला दातेरी पट्टी टेकलेली, मागच्या बाजूला केबल, आणि केबल पट्टीपेक्षा वर. फलाटावर वजन आलं की तो पुढे झुकू बघतो. पट्टी खालून खोडात रुतते, केबल वरून मागे आवळते. जितकं वजन, तितकी आवळणी. म्हणून माणूस जाड असला तरी स्टँड त्या कारणाने घसरत नाही.

कागदावर साधं गणित केलं. धरून चालू की सामानासकट माझं वजन २०० पाउंड, ते खोडापासून १५ इंच पुढे पडतं, आणि केबल व पट्टी यांच्यात उभं अंतर १० इंच. मग दोन्हीकडे खोडावरचा दाब ३०० पाउंड येतो. घर्षणाने २०० पेलायचे असतील तर घर्षणांक साधारण ०.३३ पुरतो. आता मी खोडाला चिकटून उभा राहिलो, वजन ५ इंचांवर आलं, तर दाब १०० वर उतरतो आणि लागणारा घर्षणांक १. म्हणजे भीतीपोटी झाडाला मिठी मारली की पकड सैल होते. चढताना वजन बाहेरच्या बाजूला ठेवा असं सगळे सांगतात, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट, खोड वर निमुळतं होत जातं. बुडाशी फलाट सपाट लावला तर वीस फुटांवर तो पुढे कललेला असेल. म्हणून खाली लावताना पुढची कड मुद्दाम उचललेली ठेवायची, वर गेल्यावर तो सपाट येतो. किती उचलायची हे झाडागणिक वेगळं.

बसायचा भागही दोन तऱ्हांचा. समोर बंद दांडी असलेला, किंवा समोरून मोकळा. बंद दांडी चढताना मोठा धीर देते आणि रायफल टेकवायला बरी. पण बसून धनुष्य ओढलं की खालचं टोक दांडीला लागतं. मला पहिले सहा-सात आठवडे धनुष्यच चालवायचं आहे. काही मॉडेलांत दांडी चढताना पुढे आणि बसल्यावर मागे वळवता येते. दुकानात तेच जास्त वेळ हाताळलं.

१० ऑगस्ट

कालच डेबी वादळाचा उरलेला पाऊस राज्यावरून गेला. मुद्दाम ओलं जंगल बघायला गेलो. बीचची गुळगुळीत राखी साल हाताखाली बुळबुळीत लागते, शेवाळ असेल तर विचारूच नका. पॉप्लर आणि ओकच्या खाचांत पाणी असूनही बोटांना धरायला कड मिळते. यादीत बीच होते ते खोडून टाकले. आडोशाला बीच, चढायला नाही.

वजनाचाही विचार याच फेरीत झाला. गाडीपासून धारेच्या वाटेपर्यंत मैलाच्या वर चालणं, त्यातला शेवटचा भाग चढ. अ‍ॅल्युमिनियमचे क्लाइंबर वीस पाउंडांच्या, म्हणजे नऊ किलोंच्या आसपास. लोखंडी त्याहून बरेच जड पण स्वस्त. यात धनुष्य, हार्नेस (पडल्यास धरणारे अंगावरचे पट्टे), थंडीचे कपडे, पाणी, दोर मिळवा. वजनापेक्षाही त्रास रुंदीचा होतो. दोन भाग एकमेकांत बसवून पाठीला लावले तरी दोन्हीकडे बाहेर येतात आणि रोडोडेंड्रॉनच्या गचपणात अडकतात. हे कुठल्याच मॉडेलने सुटणारं नाही. वाट बदलून सुटेल.

लोखंडी रद्द. पैसे वाचतील ते गुडघ्यांच्या डॉक्टरला द्यावे लागतील.

१७ ऑगस्ट

शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, अजून रायफलच्या हंगामात बाहेर पडतात. त्यांच्या गॅरेजमध्ये जुनं क्लाइंबर टांगलेलं आहे. घेऊन जा म्हणाले, फुकट. सोबत पूर्वीचा पट्टाही दाखवला, नुसता कमरेला बांधायचा.

स्टँड बाहेर उजेडात काढून पाहिलं. वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ, बोटाने खरवडली तरी आत जाणारी. केबलवरचं रबर एका ठिकाणी फाटलेलं, आतली एक तार तुटून बाहेर आलेली. पिनांपैकी एकीच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट. त्यांना म्हटलं, हे कुणालाच देऊ नका. हसले आणि म्हणाले की मी या बोल्टवर पुष्कळ हरणं आणली आहेत. आणली असतील.

जुनं घेणाऱ्यासाठी एवढंच. इथे ग्राहक सुरक्षा आयोगाने आजवर बऱ्याच ट्री स्टँडची परत-मागणी काढली आहे. मॉडेल क्रमांक घेऊन त्यांच्या यादीत बघता येतं. क्रमांकाचं लेबल नसेल तर ते स्टँड नाहीच असं समजायचं. आणि नुसता कमरेचा पट्टा वापरायचा नाही. पडल्यावर तो बरगड्यांपर्यंत सरकतो आणि श्वास कोंडतो, किंवा माणूस त्यातून उलटा निसटतो.

२४ ऑगस्ट

घेतलं. अ‍ॅल्युमिनियमचं, बसून चढायचं, वळवता येणाऱ्या दांडीचं, रबर चढवलेल्या केबलचं. मर्यादा ३०० पाउंड. ट्री स्टँड उत्पादकांच्या संघटनेचं, टीएमएचं, चाचणीचं लेबल आहे. किंमत माझ्या मनातल्या आकड्याच्या वरच गेली. पण लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियममधला फरक एकदा भरायचा असतो, वजन दर फेरीला.

साखळीऐवजी केबल घेतली ती आवाजासाठी. पट्ट्याचा पर्यायही होता, तो आणखी मुका. पण मला जाडी बदलताना चटकन लागणारी केबल आवडली, टोकाला भोकं आणि एक पिन. अंधारात हातमोज्याने चाचपून पिन बसली की नाही हे कळलं पाहिजे. दुकानात डोळे मिटून तीच लावून-काढून पाहत होतो. तिथल्या मुलाला वाटलं असेल माणूस वेडा आहे.

स्टँडसोबत हार्नेस येतोच. तो ठेवून दिला आणि वेगळा घेतला, कारण सोबतचा अंगावर चढवताना पट्ट्यांची गुंतवळ होते, आणि पहाटे साडेचारला गुंता झाला की माणूस कंटाळून तो गाडीत टाकतो.

७ सप्टेंबर

घरामागच्या ओकवर सराव. पायाचा फलाट जमिनीपासून गुडघ्याएवढा, त्याच्या वर नाही. हार्नेस सुरुवातीपासून बांधलेला.

लय अशी सापडली. दांडीवर बसायचं, तोंड झाडाकडे. पावलं पट्ट्यांत अडकवलेली. टाचा वर, बोटं खाली, की फलाटाची पुढची कड उचलली जाते आणि केबल सैल पडते. मग गुडघे पोटाशी घेत फलाट वर ओढायचा, टाचेने दाबून दाते रुतवायचे, अंगाचा भार एकदम न टाकता दोनदा दाबून बघायचा. मग उभं राहायचं आणि वरचा भाग दोन्ही हातांनी उचलायचा. एका फेरीला फूटभर उंची. ज्यांना दीड फूट हवं असतं त्यांचे गुडघे माझे नव्हेत.

दोन भागांना जोडणारा पट्टा आधी बांधायचा. हा लहानसा दोर कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. बसलेलं असताना पाय निसटले आणि खालचा फलाट सुटून बुडाशी गेला, तर तुम्ही वरच्या दांडीवर अडकलेले, खाली पाय ठेवायला काही नाही. जोडपट्टा असेल तर फलाट हाताला लागतो. बांधताना लांबी एवढीच ठेवायची की चढण्याची एक फेरी होईल.

मग मुद्दाम बीचवर, तेवढ्याच उंचीला, सालीवर पाणी मारून. खोडाजवळ सरकून उभा राहिलो आणि फलाट तीनेक इंच खाली आला, दात्यांच्या सालीवर दोन पांढऱ्या रेघा ओढत. बाहेरच्या कडेला उभा राहिलो तेव्हा हलला नाही. कागदावरचं गणित झाडाने मान्य केलं. बीच यादीबाहेरच राहणार.

८ सप्टेंबर

हार्नेसची लटकून चाचणी. बायको शेजारी उभी, शिडी हाताशी. पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

दोर, म्हणजे टेदर, डोक्याच्या वरच्या पातळीला झाडाला बांधलेल्या पट्ट्यावर. बसल्यावर त्याला ढील उरता कामा नये. जेवढी ढील तेवढं पडणं, आणि जेवढं पडणं तेवढा हिसका.

लटकल्यावर पहिल्या मिनिटालाच मांड्यांच्या सांध्यात पट्टे रुतले. मग पायांना मुंग्या.

"अरे, तोंड बघ तुझं कसं झालंय. उतर."

"थांब, पायाचा पट्टा काढून बघतो."

"बघतो म्हणे. वर झाडावर मी असणार आहे का शिडी घेऊन?"

मुद्दा बरोबर आहे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की रक्त पायांत साचतं, आणि माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध होऊ शकतो. पडण्यातून वाचवलेला दोरच मग जिवावर उठतो. त्यासाठी खिशात सुटकेचा पट्टा असतो. तो टेदरला अडकवून फास पायाखाली घ्यायचा आणि त्यात उभं राहून मांड्या मोकळ्या करायच्या. माझा पट्टा उजव्या मागच्या खिशात होता, आणि लटकलेल्या अवस्थेत त्या खिशावरच हार्नेस आवळलेला. आता तो छातीशी, डाव्या बाजूला. मोबाइलही तिथेच, आणि मी कुठल्या झाडावर आहे हे निघण्याआधी घरी नकाशावर टिपलेलं. यावर आमच्यात लेखी नसला तरी करार झालाय.

टेदर चढतानाही जोडलेलाच राहतो. प्रत्येक फेरीला आधी पट्टा वर सरकवायचा, मग स्टँड. चढणं तेवढं लांबतं, लांबू दे. माणसं जास्त करून चढता-उतरताना आणि स्टँडवर येता-जाताना पडतात, बसलेली असताना कमी.

२२ सप्टेंबर

आवाजाचा दिवस. पोकळ नळ्या म्हणजे घंटा. बकल जरा लागलं की नाद. धातूला धातू जिथे भेटतो तिथे कापडी टेप चढवली, बकलांना रबराच्या नळीचे तुकडे, नळ्यांच्या उघड्या तोंडात फोम कोंबला. पाठीवर नेताना दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून इलॅस्टिकच्या दोऱ्या आडव्या-उभ्या. नायलॉनच्या वॉशरना हात लावला नाही आणि कुठेही भोक पाडलं नाही. स्टँडच्या सांगाड्यात फेरफार केला की ३०० पाउंडांच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आईला व्हिडिओवर दाखवलं. "या वयात माकडउड्या कसल्या रे?" नातवाला मात्र वर बसायचं होतं. नाही म्हटल्यावर फोन बंद होईपर्यंत रडगाणं.

५ ऑक्टोबर

पहिला दिवस. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून मुभा, मी त्याच्या पुष्कळ आधी ओढ्यावरच्या पॉप्लरवर. पाऊस नसल्याने पाचोळा कडकडीत, चालण्याचाच आवाज चढण्याच्या आवाजाहून मोठा. धनुष्य वर बसून टेदर तपासल्यावर दोराने ओढून घेतलं.

उंची सोळा-सतरा फूट. याहून वर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. उंच गेलं की वास डोक्यावरून जातो म्हणतात, पण कोन तिरपा होतो आणि फुप्फुसांचं लक्ष्य अरुंद होतं. दोन्हीऐवजी एकच लागलं तर जखमी हरणामागे रात्र जाते. अंतराचं मात्र लोक उगाच दडपण घेतात. अठरा फुटांवरून २० यार्डांवरच्या हरणाचं तिरकं अंतर २०.९ यार्ड, एवढाच फरक. बाण खाली पडतो तो आडव्या अंतराच्या हिशेबाने, म्हणजे नेम २०चाच.

दोन माद्या, पिल्लांसह. मारायच्या नव्हत्या. स्टँड हललं नाही, वाजलं नाही.

९ नोव्हेंबर

माजाचे दिवस. नर दिवसाढवळ्या फिरतायत, त्यामुळे दुपारपर्यंत बसायचं. आता जागेची परीक्षा. पाठ टेकायची जाळी ठीक, पण मांड्यांखालची कड तीन तासांनी टोचायला लागते. गादी बदलावी लागेल. उभं राहून बसणं अधूनमधून करतो, खोडाच्या आडून, सावकाश.

सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर जाते, संध्याकाळी खाली उतरते. धारेवरच्या ओकवर सकाळी बसलो तर वास माथ्याकडे, वाट खाली. संध्याकाळी त्याच झाडावर बसणं म्हणजे हरणांना पत्र पाठवणं. दुपारी उतरलो, ओढ्यापलीकडच्या पॉप्लरवर गेलो. एका दिवसात झाड बदलता येणं, यासाठीच तर क्लाइंबर घेतलं होतं.

अंधार पडायच्या सुमारास एक नर तिथून गेला, पण ४० यार्डांवरून. सोडला.

३० नोव्हेंबर

रायफल. आज केशरी रंग सक्तीचा, डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच, चारी बाजूंनी दिसेल असा. हार्नेस जाकिटाच्या वर घातला तर केशरी झाकतो, आत घातला तर टेदर बाहेर काढायला पाठीवर चीर हवी. चीर असलेलं केशरी बंडी घेतलं, हार्नेस आत. थंडीचे थर वाढल्याने पट्टे पुन्हा मापून सैल करावे लागले, ते घरीच, उजेडात.

दांडी पुढे वळवून रायफल टेकवली. भरलेली बंदूक दोराने ओढायची नाही, रिकामी, नळीचं तोंड खाली आणि माझ्यापासून दूर. सालीवर दवाचा बर्फ होता. पॉप्लरने धरलं, पण फेरीगणिक टाचेने दोनदा नव्हे, चारदा दाबून पाहिलं.

सव्वाआठला मादी, साठ यार्ड, आडवी उभी. एक गोळी. टॅग भरला, ओढत आणायला स्टँड वाटेत ठेवून दोन फेऱ्या केल्या. नऊ किलो तेव्हा जास्त जाणवले.

१५ डिसेंबर

स्टँड गॅरेजमध्ये उघडून वाळवलं. दात्यांत पॉप्लरची साल अडकलेली, ब्रशने काढली. केबलचं रबर पूर्ण फिरवून बघितलं, टोकाच्या भोकांजवळ एक खरचटा, तार दिसत नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात कंपनीकडून नवी जोडी मागवायची. पट्टे आत आणले, उंदीर मिठाच्या चवीने कुरतडतात. हार्नेसवरची तारीख वहीत उतरवली. उत्पादक साधारण पाच वर्षं म्हणतात, आणि एकदा पडल्यावर एक दिवसही नाही.

धारेवर जिथे फांद्यांचे ओक आहेत तिथे क्लाइंबरचं काही चालत नाही, आणि सगळ्यांत मोठा नर तिथूनच ये-जा करतो. त्या एका बेचक्यासाठी चार काठ्या आणि छोटं हँग-ऑन. जुलैत फीत घेऊन त्याच ओकांपासून सुरुवात.